नदीसाठी फंडरेजिंगवाला ठेवताना: आमचे साठ हजार गेले त्यातून शिकलेलं

आमच्या गावाखालून जी नदी जाते ती पुढं सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मांजरथला गोदावरीत. नकाशात निळी रेघ आहे, खाली उतरून बघितलं तर वेडी बाभूळ, गाळ आणि दोन सिमेंट बंधारे ज्यांच्यात पाण्यापेक्षा माती जास्त. ती जरा नदीसारखी दिसावी म्हणून आम्ही दहा-बारा जण लागलो, समिती झाली, ग्रामसभेत ठराव झाला, दोन उन्हाळे लोकवर्गणीतून पोकलेन लावलं आणि मग कळलं की हे नुसत्या वर्गणीनं होणार नाही, पोकलेन तासावर पैसे खातंय आणि डिझेल वेगळं. तेव्हा कुणीतरी म्हणलं, एखादा फंडरेजिंगवाला बघा ना, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजाच्या कामासाठी काढलेला पैसा, आणून देतेत ते लोक.

आम्हाला वाटलं हा पाणाड्यासारखा माणूस असणार. बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या कसा हातावर नारळ ठेवून रानभर फिरतो, नारळ उभा राहिला की 'इथं मारा' म्हणतो, तसंच याला माहिती असंल पैसा कुठं आहे, आपण फक्त मशीन लावायची. पाणाड्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आम्ही विसरलो, पाणी लागो नाहीतर फुफाटा उडो, त्याचे पैसे त्यानं आधीच घेतलेले असतात.

पहिला माणूस पुण्याचा. ओळखीतून आला, फोनवर फार गोड. साठ हजार ॲडव्हान्स दिले, गावाला तो एकदाही आला नाही, सगळं व्हिडिओ कॉलवर. दीड महिन्यानं चोवीस पानांचं पीपीटी पाठवलं. कव्हरवर नदीचा फोटो, काठाला नारळाची झाडं. बीड जिल्ह्यात नदीकाठी नारळ! तिसऱ्या पानावर लातूरची पाण्याची रेल्वे, ती २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आलेली, मराठवाडा म्हणलं की सगळे तोच फोटो लावतात, तिचा आमच्या नदीशी काय संबंध ते त्यालाच माहिती. आणि अकराव्या पानावर भलत्याच नदीचं नाव तसंच राहिलेलं, आधीच्या कुणाचं तरी प्रपोजल कॉपी करून नाव बदलताना तेवढं एक सुटलं. आमचे खजिनदार, रिटायर मास्तर आहेत, त्यांनी लाल पेनानं त्याला गोल केला आणि म्हणले, "पोरगं नापास."

तर हे लिहायलोय ते दुसऱ्या कुणाचे साठ हजार वाचावेत म्हणून. दुसऱ्या वेळेला आम्हाला चांगलं माणूस मिळालं, संभाजीनगरच्या एक ताई, आणि त्यांच्यासोबत काम करून जे कळलं ते एवढंच की सल्लागार पैसे आणत नाही, आपलं मागणं सरळ करून देतो आणि मागायला आपल्यालाच पाठवतो. जो म्हणतो तुम्ही काही करू नका मी आणून देतो, त्याला चहा पाजा आणि वाटं लावा.

आधी आपलं कपाट उघडा

सल्लागाराला फोन करायच्या आधी हे बघा, नाहीतर त्याची पहिल्या दोन महिन्यांची फी तुमची कागदं गोळा करण्यातच जाते.

सीएसआर हा शब्द आता सरपंचापासून सगळ्यांच्या तोंडात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी असंल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामाला खर्च करावे लागतात, आणि पाणी, माती, पर्यावरण हे त्या यादीत आहे, म्हणजे नदी बसते. पण हे पैसे कुणाच्याही खात्यावर टाकता येत नाहीत. संस्था ट्रस्ट, सोसायटी नाहीतर कलम ८ ची कंपनी म्हणून नोंदलेली पाहिजे, इन्कम टॅक्सची १२ए आणि ८०जी नोंदणी पाहिजे, सरकारच्या कंपनी खात्याकडं सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे, तो १ एप्रिल २०२१ पासून लागतोच, आणि असल्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. कालपरवा स्थापन झालेली नदी समिती इथंच गळते, मग तिच्यासाठी कितीही भारी सल्लागार ठेवा.

आम्ही पण गळालो होतो. मार्ग एकच निघाला, तालुक्यातल्या एका जुन्या संस्थेसोबत लेखी करार केला, पैसा त्यांच्या खात्यावर येणार, काम आमची समिती बघणार, बिलावर दोघांच्या सह्या. असली जुनी संस्था तुमच्या तालुक्यात पण असतीच, कधी शाळा चालवणारी, कधी पाणलोटाची जुनी कामं केलेली. फक्त तिच्या ऑडिटच्या फायली आधी बघून घ्या, नुसत्या अध्यक्षाच्या नावावर जाऊ नका.

आणि लोकवर्गणी, ती पण नोंदणी नसताना अशीच गोळा करत बसू नका. गणपती मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात ना, तोच रस्ता. पावतीपुस्तक नंबरनं ठेवा. संस्थेच्या नावानं ८०जी ची पावती द्यायची असंल तर २००० च्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, लोकांना सांगा की ऑनलाईन टाका किंवा चेक द्या.

परवानगीचं तर विचारूच नका. ग्रामसभेचा ठराव लागतोच पण त्यानं भागत नाही, नदीचं पात्र सरकारचं आहे, त्यामुळं जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण, ज्यांच्याकडं तो पट्टा येतो त्यांचं पत्र आणि तहसीलचं पत्र हातात असू द्या. कंपनीवाले पहिल्या मीटिंगला हेच विचारतात आणि आपल्याकडं 'साहेब तोंडी हो म्हणलेत' एवढंच असतं.

आकडा पण तयार पाहिजे. आम्ही एक किलोमीटर पात्र, सरासरी २० मीटर रुंद, एक मीटर गाळ असं धरलं, म्हणजे २० हजार घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून आम्ही मोठ्या तोऱ्यात लिहिलं की २ कोटी लिटर पाणी साठणार. ताईंनी तिथंच अडवलं. म्हणल्या, नदीला उतार आहे का नाही? तळं आहे का ते? बंधाऱ्याच्या मागं जेवढं पाणी उभं राहतं तेवढंच धरा, कंपनीत एखादा सिव्हिल इंजिनिअर बसलेला असला तर हा आकडा बघून फाईल बाजूला ठेवंल. खरंच होतं ते. आकडा निम्म्याहून खाली आला पण कुणी कसाही तपासला तरी टिकला.

माणूस शोधायचा कुठं

गूगलवर शोधलं तर जाहिराती येतात. त्यापेक्षा ज्या संस्थेला खरंच पैसे मिळालेत तिथं जाऊन विचारा. आम्ही संभाजीनगरला खाम नदीचं काम बघायला गेलो होतो, महापालिका, छावणी परिषद, कंपनीचं फाउंडेशन आणि संस्था असं सगळ्यांनी मिळून केलेलं काम आहे ते, शहराचं आहे त्यामुळं आपल्या गावनदीला जसंच्या तसं लागू होत नाही, पण कचऱ्याचा नाला झालेली नदी परत माणसं बसतील अशी होते हे बघून आमच्या चार म्हाताऱ्यांचा विश्वास बसला. दुसरी जागा म्हणजे कंपनीचाच सीएसआर बघणारा माणूस. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत कुणाची तरी ओळख निघतेच, त्याला पैसे मागू नका, एवढंच विचारा की तुमच्याकडं कुणाची प्रपोजलं नीट लिहिलेली येतात. आम्हाला ताईंचं नाव असंच मिळालं.

एक लक्षात ठेवा. 'माझ्याकडं दोनशे कंपन्यांची लिस्ट आहे' असं म्हणून कुणी भाव वाढवायला लागला तर सरकारचं सीएसआर पोर्टल आहे, त्यावर कुठल्या कंपनीनं कुठं किती खर्च केला ते फुकटात दिसतं. गावातलं बीएससीचं पोरगं दोन दिवसांत ती यादी काढून देतं. यादीचे पैसे द्यायचे नसतात. त्या यादीतल्या कुठल्या पाच जणांकडं जायचं आणि कुठल्या पन्नासांकडं जायचंच नाही, हे सांगणाऱ्याला द्यायचे.

आमच्या मास्तरांनी दुसऱ्या वेळेला मुलाखत घेतली ती मजेशीर होती, शाळेतल्यासारखी. त्यांचे तीन-चारच प्रश्न होते आणि ते मी तसेच वापरा म्हणंल. पहिला, आमच्याकडून तुम्हाला सगळ्यात आधी काय लागंल? पुण्यावाल्याला हे विचारलं असतं तर तो 'ड्रोन शॉट' म्हणला असता, ताई म्हणल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि बँकेचं पासबुक. दुसरा, ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणजे काय? नदीचं काम एका उन्हाळ्यात होत नाही, आणि सीएसआरच्या नियमात सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत चालणारं काम धरता येतं, न वापरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून. ज्याला हे माहिती नाही तो दरवर्षी तुम्हाला नव्यानं भीक मागायला लावणार. तिसरा, आमच्या गावची एक मुलगी अमेरिकेत आहे, तिला पैसे द्यायचेत, कसे घ्यायचे? तिचा पासपोर्ट अजून भारताचा असंल तर ती विदेशी देणगी होत नाही, तिकडचं नागरिकत्व घेतलं असंल तर मग विदेशी देणगीच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसा फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला पाहिजे. 'टाका हो गूगल पे वर' म्हणणारा सल्लागार तुम्हाला गोत्यात आणंल.

शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी, कुठं कुठं तुम्हाला नकार मिळाला? ताईंनी मोजून सहा जागा सांगितल्या, कारणासकट. ज्याला कधीच नकार मिळाला नाही त्यानं कधी मागितलंच नाही.

मग त्यांनी दिलेल्या तीन जुन्या संस्थांना आम्ही फोन केले. 'काम कसं होतं' असं विचारलं तर सगळे चांगलंच म्हणतात, म्हणून विचारायचं की ते गेल्यावर पुढच्या वर्षी तीच कंपनी परत आली का. दोघांकडं आलेली.

टक्केवारीत अडकू नका

हा मुद्दा जरा लांबणार आहे.

गावात सगळ्यांना टक्केवारी सोपी वाटते. आणले तर दहा टक्के, नाही आणले तर काहीच नाही, आपलं काय जातंय? आमच्याकडं पण निम्मे जण याच बाजूचे. पण हिशोब करा. समजा २० लाख आले, दहा टक्के म्हणजे २ लाख. कंपनीच्या मंजूर बजेटमध्ये पोकलेन आहे, डिझेल आहे, दगडी पिचिंग आहे, झाडं आहेत, 'फंडरेजिंगवाल्याचे २ लाख' अशी ओळ कुठंच नाही. मग ते दाखवणार कुठं? डिझेलच्या बिलात. आणि ज्या दिवशी तुम्ही डिझेलचं बिल फुगवलं त्या दिवशी तुम्ही आणि एखादा ठेकेदार यात फरक राहिला नाही, ऑडिटला सापडलात तर नाव गावाचं जातं. बाहेरच्या देशांतल्या फंडरेजिंगवाल्यांच्या मोठ्या संघटनेच्या आचारसंहितेत पण टक्केवारीवर काम करू नये असं स्पष्ट आहे, म्हणजे चांगलं माणूस स्वतःच नाही म्हणतं.

दुसरं कारण मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. वाळू. नदी खोल करायची म्हणलं की सगळ्यात आधी येणारा देणगीदार कोण असतो? आमच्याकडं एक जण पांढऱ्या गाडीतून आला, पाया पडला, म्हणाला, "मी फुकटात करून देतो खोलीकरण, माझ्या मशिनी, माझं डिझेल, फक्त जे निघंल ते माझं." गाळ शेतात टाकणं वेगळं आणि वाळू-मुरूम विकणं वेगळं, ते गौण खनिज आहे, त्याचा मालक तुम्ही नाही आणि तो पण नाही. टक्केवारीवरच्या सल्लागाराला हा माणूस म्हणजे लॉटरी, कारण त्याला रकमेशी मतलब, ती कुठून आली त्याच्याशी नाही. ठरलेली फी घेणारा तुम्हाला 'याला नाही म्हणा' असं सांगू शकतो. ताईंनी सांगितलं. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि वाटं लावलं.

आम्ही ताईंसोबत सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार ठरवले, चार हप्त्यांत. सही झाल्यावर पहिला, कागदं आणि अंदाजपत्रक पक्कं झाल्यावर दुसरा, पाच ठिकाणी प्रपोजल जाऊन निदान दोन मीटिंगा झाल्यावर तिसरा, आणि शेवटचा सगळी फाईल आमच्या हातात दिल्यावर. पैसे आले का नाही याच्याशी हप्ता बांधला नाही, कामाशी बांधला. सल्लागार जीएसटीत असंल तर १८ टक्के वर लागतो, ते आधीच विचारा, नाहीतर शेवटी तोंड वाकडं होतं. संस्थेनं फीमधून टीडीएस कापायचा असतो तो पण सीएला विचारून कापा.

ही फी आणायची कुठून? कंपनीच्या पैशातून नाही हे वर सांगितलं. आमच्या गावची चाळीसेक पोरं चाकण-रांजणगावला आहेत, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तरांनी सरळ लिहिलं की ही वर्गणी नदीत जाणार नाही, मागायचं कसं हे शिकवणाऱ्या माणसाच्या फीला जाणार आहे, पटत असंल तर द्या. आधी दोन दिवस सगळे गप्प. मग एकानं पाच हजार टाकले आणि खाली लिहिलं, "मास्तर, ट्यूशन लावायलात होय." दिवाळीपर्यंत जमले. लपवून दुसऱ्या खर्चात घातले असते तर पारावर वर्षभर तेच चाललं असतं.

बॉण्डवर काय काय

आता शंभरचा बॉण्ड चालत नाही, ५०० चा लागतो, तेवढ्यासाठी तोंडी करार करू नका. वकिली भाषा नको, साध्या मराठीत लिहा. पैसा फक्त संस्थेच्या खात्यावर येणार, सल्लागाराच्या खात्यावर, त्याच्या क्यूआर कोडवर एक रुपया पण नाही. देणगीदारांची यादी आणि सगळा पत्रव्यवहार संस्थेचा. प्रपोजल संस्थेच्या मेलवरून जाणार. आमच्या परवानगीशिवाय कुणाला गावाच्या नावानं शब्द द्यायचा नाही, फोटो वापरायचा नाही. कुणालाही महिनाभराची नोटीस देऊन थांबता येईल, झालेल्या कामाचे पैसे देऊन. आणि किती वेळा गावात यायचं ते आकड्यात. आम्ही पहिल्या वेळेला हेच लिहिलं नव्हतं, म्हणून नारळाची झाडं बघावी लागली.

कधी ठेवायचा

यात सगळे चुकतात, उन्हाळ्यात नदी कोरडी दिसली की आठवण येते. आमच्या भागात अर्धं गाव दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परत येतं. पात्रात मशीन उतरवायला मिळतं ते पाडवा ते मृग, म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिने. कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, जानेवारी-फेब्रुवारीत एकतर उरलेला पैसा कुठं घालायचा ते बघत असतात नाहीतर पुढच्या वर्षाचं ठरवत असतात. म्हणजे त्यांच्या टेबलावर तुमचा कागद दिवाळीनंतर लगेच पाहिजे, आणि त्यासाठी सल्लागार पोळ्यापर्यंत ठरलेला पाहिजे. पावसाळ्यात ठेवण्याचा अजून एक फायदा, त्याला नदी वाहताना दिसते. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेला जो पूर आला त्यानंतर तर कंपनीवाले विचारायलेत की खोल केल्यावर काठ ढासळणार नाही का, वरच्या गावाचं पाणी खालच्या गावात घुसणार नाही का. ज्यानं पूर बघितलाय तो याचं उत्तर लिहू शकतो.

आणि साईट व्हिजिट गाव रिकामं असताना ठेवू नका. आमची पहिली व्हिजिट जानेवारीत झाली, पात्रात आम्ही सात जण आणि एक कुत्रं. पाहुणे म्हणाले लोकसहभाग कुठं आहे? ताईंनी मग ऊसतोडीला गेलेल्या लोकांना फडावर व्हिडिओ कॉल लावला, उसाच्या फडात उभ्या राहून एक मावशी म्हणाल्या, "साहेब, आम्ही आल्यावर या, तवा मोजा किती माणूस हाय ते." ते साहेब पाडव्यानंतर परत आले, ते त्या मावशींमुळंच असं माझं मत आहे, प्रपोजलमुळं कमी.

ठेवल्यावर

सल्लागाराला एकट्याला मीटिंगला पाठवू नका, कधीच. प्रत्येक वेळी समितीतला एक जण सोबत पाहिजे आणि बोलायचं त्यानं, इंग्रजी येत नसंल तरी. मास्तर पहिल्या मीटिंगला घामाघूम झाले, दुसऱ्या मीटिंगला त्यांनी खिशातून गाळाची पुडी काढून टेबलावर ठेवली. देणगीदाराचा नंबर मास्तरांच्या मोबाईलमध्ये पाहिजे, नुसता ताईंच्या नाही. महिन्याला एक कागद मागा, कुणाला भेटलो, काय म्हणले, पुढं काय, एक पान बास.

तीन महिने झाले आणि एक पण मीटिंग झाली नाही तर बसून विचारा. कधी कधी चूक सल्लागाराची नसते, आपलीच परवानगीची पत्रं अडकलेली असतात, आमचं तसंच झालं होतं, दोन महिने एका सहीसाठी गेले.

पहिल्या वर्षी पाच ठिकाणी मागितलं, तीन नकार, एकानं अजून कळवलं नाही, एकानं दिले. सहा महिने संपल्यावर ताईंनी फाईल आणि पेनड्राईव्ह दिला, शेवटचा हप्ता घेतला. यंदा सल्लागार नाही. परवा मास्तर पारावर बसून कंपनीतल्या साहेबांना फोन लावायले होते, "हॅलो सर, मागल्या टायमाचा हिशोब पाठवलाय, बघितला का? आणि मशीन उतरवायलोय पाडव्यानंतर, या की बघायला."